टायगर मोठा, बजेट छोटं!

ताडोबाच्या गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते, तेव्हा त्यात एक तरी 'तोफ' दिसतेच. म्हणजे ६०० एमएम एफ/४ची प्राइम लेन्स. किंमत दहा लाखांच्या पुढे, अख्खी कारच गळ्यात लटकवल्यासारखी! होमलोन आणि अप्रेझलच्या मध्ये अडकलेल्या आपण तिला लांबूनच सलाम ठोकावा.

आधी ठरवा, तुम्हाला टिपायचंय काय? वाघ की पक्षी? वाघ बऱ्याचदा जिप्सीच्या रस्त्यावरूनच चालत येतो. अशा वेळी ६००मध्ये नुसत्या मिशाच मावतात! तिथे ७०-३०० किंवा कॅननची ५५-२५० झकास काम करते. कॅमेरा एपीएस-सी म्हणजे छोट्या सेन्सरचा असेल तर बोनसच. कॅननवर १.६ पट, निकॉन-सोनीवर दीडपट. थोडक्यात, कॅननवर २५०ची फ्रेम ४००सारखी दिसते.

पक्ष्यांचं गणित वेगळं. भिगवणच्या फ्लेमिंगोंसाठी ४०० तरी हवीच, आणि खंड्यासाठी तीही तोकडीच. इथे टॅमरॉन किंवा सिग्माची १५०-६०० आणि निकॉनची २००-५०० कामाला येतात. मात्र वजन दोन किलोच्या आसपास किंवा जास्तच. मिररलेसवाल्यांसाठी कॅननची आरएफ १००-४०० जेमतेम ६३५ ग्रॅमची, पण ४००वर तिचं अ‍ॅपर्चर एफ/८ असतं.

आणि स्वस्त लेन्सची खरी मेख हीच आहे. दुकानदार एमएम सांगतो, उजेडाचं बोलत नाही. एफ/२.८च्या तुलनेत एफ/६.३ला साधारण एक पंचमांश उजेड मिळतो. म्हणजे जिथे आयएसओ ८०० पुरला असता, तिथे ४००० लागणार. आणि वाघोबा फिरतात नेमके पहाटे आणि संध्याकाळी! थोडा नॉइज चालवून घ्या. दाणेदार फोटो सॉफ्टवेअरमध्ये सुधारतो, हललेला नाही. हात स्थिर ठेवायला बीन बॅग शिवून घ्या. रिकामी न्यायची, तिथल्या किराणा दुकानातून तांदूळ भरायचे. ट्रायपॉड जिप्सीत अडचणच करतो.

वर्षातून दोनच ट्रिप होत असतील तर माझं स्पष्ट मत : ५५-२५० विकत घ्या, १५०-६०० भाड्याने आणा. मुंबई-पुण्यात हे सहज जमतं. सेकंडहॅण्ड घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं की समजा फंगस, आणि सरळ नमस्कार करा. आपल्या पावसाळी हवेत ती बळावतच जाते.

लेन्स तोकडी पडली की मात्र एक वाईट सवय लागते. ड्रायव्हरला 'दादा, अजून थोडं पुढे घ्या ना' म्हणायची. टिपच्या आशेने तो घेतोही, मग चार गाड्या वाघाची वाट अडवतात आणि तो झुडपात शिरतो. तुमची फ्रेम तर जातेच, त्या बिचाऱ्याचं पाणी पिणंही राहतं. त्यापेक्षा वाघ छोटाच येऊ दे, भोवतालचं बांबूचं बन आणि पाणवठा फ्रेममध्ये घ्या. भिगवणला होडीवाल्या काकांनाही निघतानाच सांगा, थवा उडवायचा नाही. लांब थांबायचं. चिखलातलं खाणं टिपत फ्लेमिंगो कधी कधी आपणहूनच जवळ सरकतात.