छातीचा एक्स-रे : पाहणे आणि वाचणे

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला आणि १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यानंतर सीटी स्कॅन व एमआरआय आले, तरी छातीच्या तपासणीचा आरंभ आजही बहुधा साध्या एक्स-रेनेच होतो. ही तपासणी स्वस्त आहे, झटपट होते आणि तालुक्याच्या गावीही उपलब्ध असते. तिचे वाचन मात्र वाटते तितके सोपे नाही. छातीतील पुढचे-मागचे सर्व अवयव एकाच सपाट प्रतिमेत एकमेकांवर पडलेले असतात. हवा काळी, हाडे पांढरी आणि हृदय, रक्त, पाणी या साऱ्यांची छटा जवळपास सारखीच. या छटांवरून रोगाचा माग काढावयाचा असतो.

म्हणूनच नवशिक्या डॉक्टरांना पहिला धडा दिला जातो तो रोग शोधण्याचा नव्हे, तर एक्स-रे पारखण्याचा. रुग्णाचे नाव, तारीख, डावी-उजवी खूण पाहिल्यावर तो कसा काढला आहे हे ठरवावे लागते. उभ्या रुग्णाच्या पाठीकडून किरण सोडले असल्यास हृदयाचा आकार बराचसा खरा दिसतो. खाटेवरील रुग्णाचा एक्स-रे समोरून काढावा लागतो व त्यात हृदय मोठे भासते. प्रौढ व्यक्तीत हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक नसावी, हा नियम त्यामुळे पहिल्या प्रकारालाच लागू पडतो. रुग्णाने पुरेसा श्वास घेतला असेल, तर श्वासपटलाच्या वर मागील बाजूच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात. अर्धवट श्वासात निरोगी फुप्फुसेही रोगट वाटू शकतात.

यानंतरचे वाचन ठरावीक क्रमाने व्हावे लागते. श्वासनलिका मध्यभागी आहे की सरकलेली, हे प्रथम पाहतात. फुप्फुसाचा भाग आकसल्यास ती त्या बाजूला ओढली जाते. छातीत फार पाणी साचल्यास विरुद्ध बाजूला ढकलली जाते. मग हृदय, दोन्ही फुप्फुसांची वरपासून खालपर्यंत तुलना, श्वासपटल व त्याचे कोपरे आणि शेवटी हाडे. कडा पुसट होणे हीदेखील एक खूण आहे. हृदयाची उजवी कड दिसेनाशी झाली, तर दोष बहुधा त्या कडेला लागून असलेल्या उजव्या फुप्फुसाच्या मधल्या खंडात असतो.

या क्रमाचा आग्रह धरला जातो, कारण एक दोष सापडला की नजर समाधान पावते आणि दुसरा निसटतो. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधावयास सांगितले होते. त्यातील काही प्रतिमांत गोरिलाचे चित्र मुद्दाम घातले होते. ते २० जणांच्या लक्षातच आले नाही. साध्या एक्स-रेतही गळ्याच्या हाडामागील फुप्फुसाचे टोक, हृदयामागची जागा आणि श्वासपटलाखालचा भाग ही फसवी ठिकाणे आहेत. पहिल्या दोन ठिकाणी कर्करोगाची लहान गाठ लपू शकते. श्वासपटलाखाली दिसणारी हवेची काळी चंद्रकोर जठर वा आतडे फुटल्याची सूचना असू शकते आणि तेथे तासांचा विलंबही जिवावर बेततो.

जगातील सुमारे पाव क्षयरुग्ण भारतात असल्याने आपल्याकडे या विद्येचे मोल अधिक आहे. फुप्फुसाच्या वरच्या भागातील डाग चालू क्षयाचा असेल किंवा बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा व्रणही असेल. एकाच एक्स-रेवरून हे निश्चित सांगता येत नाही. त्यासाठी थुंकीची तपासणी आणि जुना एक्स-रे लागतो. क्षयाच्या चाळणी-तपासणीत १५ वर्षांवरील व्यक्तींचे एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. संगणक संशयित वेगळे काढतो. रुग्णाचा ताप, खोकला व पूर्वेतिहास यांच्याशी मेळ घालून निदान करणे हे डॉक्टरांचेच काम राहते.

ही नजर सरावानेच येते. तज्ज्ञांचा अहवाल वाचण्यापूर्वी स्वतःचे मत लिहून काढावे आणि मग दोन्ही ताडून पाहावे, ही शिकण्याची जुनी व खात्रीची रीत. रुग्णांनीही आपले जुने एक्स-रे टाकून न देता जपून ठेवावेत. डाग नवा की जुना, याचे उत्तर पुष्कळदा त्यांतच असते.