जॉनी डेपची सोंगेच रसिकांना का भावतात?

हॉलीवूडचा अभिनेता जॉनी डेप याचे दोन मोठे चित्रपट २०१० मध्ये पडद्यावर आले. पहिला 'अॅलिस इन वंडरलँड'. त्यात नारिंगी केसांचा, हिरव्या डोळ्यांचा वेडा टोपीवाला त्याने रंगविला होता. दुसरा 'द टुरिस्ट'. त्यात तो साधासुधा गणिताचा शिक्षक होता आणि सोबतीला अँजेलिना जोली होती. पहिल्या चित्रपटाने जगभरात १०० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमविला. दुसरा सुमारे २८ कोटींवर थांबला आणि खुद्द अमेरिकेत त्याला ७ कोटींचाही पल्ला गाठता आला नाही. टोपीवाल्याच्या यशामागे लुईस कॅरोलच्या कथेची पुण्याई आणि त्रिमिती तिकिटांचे चढे दर होते, हे मान्य करावे लागेल. तरीही डेपने रंग लावला की गर्दी लोटते आणि तो पुसला की ओसरते, असे चित्र अनेक वर्षे दिसत राहिले.

याचे मूळ त्याच्या देखणेपणात आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या '२१ जंप स्ट्रीट' या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला तरुणींच्या गळ्यातील ताईत केले. मात्र ही प्रतिमा त्याला स्वतःलाच जाचू लागली. १९९० मध्ये दिग्दर्शक टिम बर्टनच्या 'एडवर्ड सिझरहँड्स'मध्ये त्याने आपला चेहरा पांढऱ्या रंगाखाली आणि व्रणांखाली झाकून टाकला. देखणा नट साध्या भूमिकेत आला की त्याच्या जागी दुसरा कोणताही देखणा नट चालेल, असे प्रेक्षकाला वाटते. सोंगाच्या बाबतीत अशी अदलाबदल संभवत नाही.

परंतु केवळ विचित्र दिसण्यावर प्रेक्षक भाळत नाही. एडवर्डच्या हातांच्या जागी कात्र्या आहेत, कारण त्याला घडविणारा संशोधक हात बसविण्यापूर्वीच मरण पावला. ज्याला जवळ घ्यावे त्यालाच जखम होते, ही व्यथा त्या विचित्रपणाच्या पोटात आहे. टोपीवाल्याचे नारिंगी केसही उगाच नाहीत. जुन्या काळी टोप्या तयार करणाऱ्या कारागिरांना पाऱ्याची बाधा होऊन त्यांच्या मनावर परिणाम होत असे. तो धागा डेपने उचलला.

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मधील कॅप्टन जॅक स्पॅरो हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. डोळ्यांत काजळ, दातांवर सोने आणि चालताना झोकांड्या. रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याच्यावरून ही लकब बेतली होती. चित्रीकरण सुरू असताना डिस्नेचे अधिकारी धास्तावले होते. हा माणूस दारू प्यायलेला आहे की काय, अशी विचारणाही झाल्याचे डेपने पुढे मुलाखतींत सांगितले. प्रेक्षकांनी मात्र पहिल्याच प्रवेशात त्याला आपलेसे केले. ऐटीत डोलकाठीवर उभा असलेला कप्तान, खाली बुडत चाललेली होडी आणि ती पाण्याखाली जाता जाता त्याने धक्क्यावर सहज टाकलेले पाऊल! २००३ च्या या चित्रपटाने सुमारे ६५ कोटी डॉलर मिळविले आणि डेपला ऑस्करचे पहिले नामांकन मिळाले.

येथे एक गोष्ट नजरेआड होते. त्या चित्रपटात कथेचा भार विल टर्नर आणि एलिझाबेथ या सरळमार्गी जोडीवर होता. स्पॅरो हे जेवणातले लोणचे होते; ताटभर लोणचे कोणी खात नाही. पुढे निर्मात्यांनी नेमके तेच वाढले. 'द लोन रेंजर'मध्ये (२०१३) डोक्यावर मेलेला कावळा घेऊन डेप अवतरला. चित्रपटाने सुमारे २६ कोटी डॉलर मिळविले खरे, पण निर्मितीचा खर्चच २० कोटींहून अधिक होता आणि चित्रपटगृहांचा वाटा व जाहिरातींचा खर्च वजा जाता डिस्नेच्या पदरी मोठा तोटा पडला. 'मॉर्टडेकाय'मध्ये (२०१५) मिशी हाच विनोद होता, मिशीमागे माणूस नव्हता. ६ कोटी खर्चून काढलेला तो चित्रपट ५ कोटींपर्यंतही पोहोचला नाही.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. १९९४ चा 'एड वुड' समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण अमेरिकेत त्याला ६० लाख डॉलरदेखील मिळाले नाहीत. त्या काळी विक्षिप्त डेप हा निवडक रसिकांचाच नट होता. मोठा प्रेक्षकवर्ग त्याच्यामागे उभा राहिला तो स्पॅरोनंतर.

रंगरंगोटीविना त्याने गाजविलेल्या मोजक्या भूमिकांत १९९७ च्या 'डॉनी ब्रास्को'चे नाव घ्यावे लागते. समोर अल पचिनोसारखा कसलेला नट असतानाही डेप झाकोळला नाही. या चित्रपटात तो एफबीआयचा अधिकारी आहे. पण हा अधिकारी नाव बदलून माफिया टोळीत शिरतो आणि हळूहळू त्याच सोंगात अडकत जातो.