अडलेली झडप

मंडळी, ज्ञानोबा माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम पडतात. हल्ली तळावर फिरती शौचालये उभी असतात. त्यांच्या पोटाशी मैल्याची टाकी, अन् टाकीच्या तोंडाला सरकती झडप. ऐन गर्दीत नेमकी हीच अडून बसते.

का बरे? झडप म्हणजे दोन रबरी कड्यांमधून सरकणारे एक पाते. त्याच्या खाचेत चिंधी, कागद नाहीतर वाळलेला मैला गेला, की दांडा हलत नाही. मग कोणीतरी हातोडा आणतो आणि दांडाच वाकवून ठेवतो! घाई नको. टाकीत जागा असेल तर वरून कोमट पाणी सोडा, दोन-तीन तास भिजू द्या. उकळते नको, प्लॅस्टिक वाकेल. ॲसिड तर नकोच; ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली, की क्लोरीन वायू उठतो. मग तोंडाला नळी जोडूनच दांडा हलके मागेपुढे करा.

एवढ्यानेही नाही सुटली, तर टँकरची नळी वरून घालून टाकी उपसा, बोल्ट काढून कड्या बदला. त्यांना सिलिकॉनचे ग्रीस लावा. साध्या तेलाने रबर फुगते.

माणूस मात्र आत उतरवायचा नाही. आतल्या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो खरा. पण वायू वाढला, की नाकाला तो वासच कळेनासा होतो. सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांविना माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि हो, झडप सदा उघडी ठेवू नका. पातळ तेवढे वाहून जाते, घट्ट तळाशी बसते.