उभे राहण्याचे औषध

मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. म्हणून हा विषय मी कामगाराच्या भाषेत मांडतो. जाणकारांनी चूकभूल पोटात घालावी.

बसलेला माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. तरी आपल्याला घेरी येत नाही. कारण मज्जातंतूंची टोके त्याच क्षणी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन नावाचे द्रव्य सोडतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि मेंदूचा पुरवठा टिकतो. जगात काही मोजकी माणसे अशी आहेत की ज्यांच्या शरीरात हे द्रव्य जन्मापासून जवळजवळ तयारच होत नाही.

असे का व्हावे? शरीरातले हे काम कापडगिरणीसारखे खात्याखात्याने चालते. अन्नातल्या टायरोसिनपासून डोपा, डोपापासून डोपामिन आणि डोपामिनपासून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन. हे शेवटचे खाते डोपामिन बीटा-हायड्रॉक्सिलेज या विकराच्या हाती असते. आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर हा कामगार कामावर येतच नाही. मग अर्धवट माल, म्हणजे डोपामिन, साचत जातो आणि पक्का माल बाहेर पडत नाही. आईबापांना स्वतःला मात्र काहीच त्रास नसतो.

अशा रोग्याला उभे राहताच अंधारी येते, पापण्या लोंबतात, नाक चोंदते, थोड्या श्रमानेही तो गळून जातो. बुद्धी शाबूत असते. आडवे पडले की बरे वाटते, आणि इथेच घात होतो. कारण पाहणाऱ्याला ते सोंग वाटते. एका कारखान्यात यंत्रापुढे तासभरही उभा राहू न शकणारा एक तरुण होता. त्याला काय आजार होता ते मला ठाऊक नाही. मुकादमाने त्याला कामचुकार म्हटले, आणि ‘सवय कर’ असे मीही सांगितले. महिन्याभरात तो नोकरी सोडून गेला. ते वाक्य मला अजून बोचते.

१९८६ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी या रोगाची नोंद केली. पाठोपाठ नेदरलँड्समध्येही रोगी आढळले. उपाय फार चतुराईचा निघाला. नुसता डोपा दिला तर डोपामिनच वाढणार. पण ड्रॉक्सिडोपा या औषधाच्या रेणूत बंद खात्याचे काम आधीच करून ठेवलेले असते. डोपाचे डोपामिन करणारा जो विकर शाबूत आहे, तोच याचे थेट नॉरअ‍ॅड्रिनॅलिन करतो. अंथरुणाला खिळलेली माणसे त्यामुळे उभी राहून हिंडूफिरू लागली.

परंतु हे औषध जनुक दुरुस्त करीत नाही. म्हणून ते दिवसातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्यात धोकाही आहे. आडवे पडल्यावर रक्तदाब भलताच चढू शकतो. म्हणून शेवटची मात्रा झोपण्यापूर्वी किमान तीन तास आधी घ्यायची, उशाकडची बाजू उंच ठेवायची आणि आडवे असतानाचा रक्तदाबही मोजायचा. मात्रा डॉक्टरनेच ठरवायची. काही रोग्यांनी हे औषध कित्येक वर्षे घेतले आहे. पण रोगीच इतके थोडे, की हजारोंवर घ्यावी लागते तशी चाचणी या रोगात होणेच अशक्य.

आता माझा खरा प्रश्न. आम्ही चळवळीतली माणसे जन्मभर संख्येचे बळ शिकवतो. ज्यांची संख्याच नाही, त्यांनी काय करावे? ड्रॉक्सिडोपाला जपानमध्ये १९८९ साली परवानगी मिळाली, ती कंपवातासारख्या अधिक आढळणाऱ्या रोगांतल्या त्रासासाठी. म्हणजे थोड्यांना औषध मिळाले ते पुष्कळांच्या आधाराने. अमेरिकेत ते २०१४ साली मंजूर झाले. बाजाराला ज्यात नफा नाही अशा औषधांना तिथे ‘अनाथ’ म्हणतात आणि १९८३ सालच्या कायद्याने त्यांच्या निर्मात्यांना सवलती देतात. आपल्याकडे दुर्मीळ रोगांचे राष्ट्रीय धोरण २०२१ साली आले. त्यात ठरलेल्या रोगांसाठी नेमलेल्या रुग्णालयांतून मदत मिळते; मुंबईचे के. ई. एम. त्यांपैकी एक. २०२२ साली मदतीची मर्यादा पन्नास लाख रुपये झाली. पण जन्मभराच्या औषधाला एकदाची रक्कम किती दिवस पुरणार?

संघटना म्हणजे केवळ पुष्कळांनी एकत्र येणे नव्हे. जो एकटा उभा राहू शकत नाही, त्याच्या बाजूला पुष्कळांनी उभे राहणे, हाही तिचा अर्थ आहे. आणि त्याची सुरुवात पैशाने होत नाही. घेरी येते म्हणणाऱ्या माणसावर आधी विश्वास ठेवावा, त्याचा रक्तदाब आडवा असताना आणि उभा असताना असा दोनदा मोजून घ्यावा. एवढे तर आपण उद्यापासून करू शकतो.