एकतारीचा ‘सा’ कुठे जातो?



आज बोलायचंय ते साबणाच्या डबीएवढ्या एका वस्तूबद्दल. तिला प्रीअ‍ॅम्प म्हणतात. आमच्या गटातल्या अकरा जणींचं भजनी मंडळ आहे, आणि या डबीपायी आमचं २८ हजारांचं कर्ज वाचलं. ते कसं, हे आधी सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच गटांच्या बायका भजनाला जातात, आणि सेटवाल्यासमोर आपली सगळ्यांची गत सारखीच असते.

मागच्या वर्षीच्या हरिनाम सप्ताहात आमच्या एकतारीवाल्या आजींच्या एकतारीला आम्ही पहिल्यांदा पिकअप लावला होता. पिकअप म्हणजे रुपयाच्या नाण्यासारखी पितळी चकती, वाद्याला चिकटवायची आणि वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची. आजींना माइकसमोर एका जागी बसवत नाही, त्या नाचतात, म्हणून हा खटाटोप. वायर माइकच्या भोकात घातली, आणि जो आवाज आला तो पत्र्यावर खडे पडल्यासारखा. नुसता टण टण. सूर नाहीच. मोठा करायला गेलं की शिट्टी. दुसऱ्या अभंगाला सेटवाल्याने आजींचं बटण बंदच करून टाकलं. आजींना ते कळलं. कार्यक्रम संपल्यावर त्या म्हणाल्या, “मी आपली उद्यापासून टाळ घेते.” चाळीस वर्षं एकतारी धरलेली बाई.

आम्ही तालुक्याला जाऊन विचारलं तर दुकानदार म्हणाला, तुमचा अ‍ॅम्प्लिफायर कमी ताकदीचा आहे, दुप्पट वॅटचा घ्या. २८ हजार. मासिक बैठकीत अंतर्गत कर्जाचा ठराव लिहायला घेतला होता. तेवढ्यात एकीने विचारलं, त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर आपला गळा आणि पेटी वेशीपर्यंत ऐकू जाते, मग एकतारीलाच ताकद कशी कमी पडते? आम्ही वही मिटली आणि आधी समजून घ्यायचं ठरवलं.

जे समजलं त्याचं सार इतकंच की, पातळ आवाज मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला दिला तर तो मोठा पातळ आवाज होतो. जे हरवलंय ते पहिल्याच पावलाला, चकतीतून बाहेर पडतानाच हरवलेलं असतं. पुढे कितीही वॅट लावा, ते परत येत नाही.

आता ही चकती काम कशी करते ते बघू. गॅस पेटवायचा खट्‌कन वाजणारा लायटर घरात असेल. त्यात एका स्फटिकासारख्या तुकड्यावर छोटा हातोडा आपटतो, दाबामुळे वीज तयार होते आणि ठिणगी पडते. चकतीवरही त्याच जातीचा पांढरा थर असतो. एकतारीचं कातडं थरथरलं की थर दाबला-सुटला जातो आणि त्या थरथरीइतकीच बारीक वीज बाहेर येते. दाबाने वीज होते हे फ्रान्समध्ये पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. पिएर म्हणजे पुढे मारी क्युरीचा नवरा. मारीने किरणोत्सर्ग मोजला तोही या भावांच्या अशाच स्फटिकावर चालणाऱ्या यंत्रावर. लायटर, एकतारी आणि मारी क्युरी एका ओळीत येतील असं आम्हालाही वाटलं नव्हतं.

या चकतीचा स्वभाव मात्र हट्टी आहे. एक आड डोळ्यांपुढे आणा. पाणी वरपर्यंत दिसतंय, पण झरा केसाएवढा. त्याला पाच एचपीची मोटर लावली तर दोन मिनिटांत घरघर सुरू होईल. पोहऱ्याने शेंदलं तर दिवसभर पुरेल. चकतीतही दाब म्हणजे व्होल्ट बरे असतात, पण करंट जवळजवळ नसतो. अ‍ॅम्प्लिफायरचं माइकचं भोक हे पाच एचपीच्या मोटरसारखं आहे. माइकला ते चालतं, कारण माइकचा झरा मोठा. चकती मात्र कोरडी पडते.

आणि कोरडी पडते तीही पक्षपाताने. सावकाश हेलकावणारे सूर, म्हणजे जाड सूर, आधी गळतात. झटक्यात येणारे आवाज तेवढे पोचतात. हिशोब ऐकायचा असेल तर ऐका, नाहीतर हा परिच्छेद सोडा. २७ मिलिमीटरच्या चकतीची वीज साठवायची क्षमता साधारण २० नॅनोफॅरड असते. ती १० हजार ओमच्या भोकाला जोडली, तर सेकंदाला ८०० कंपनांच्या खालचं सगळं कमी कमी होत जातं. आमचं मंडळ काळी चारमध्ये गातं. त्या पट्टीतला ‘सा’ सेकंदाला साधारण २०८ वेळा कंप पावतो. म्हणजे आजींच्या ‘सा’चा जेमतेम चौथा हिस्सा पुढे गेला, आणि बोट तारेवर आपटल्याचा टण मात्र जवळजवळ अख्खा. त्यात माइकची बरीच भोकं १० हजारांपेक्षाही कमी ओमची असतात. तीच चकती १० लाख ओमच्या, म्हणजे १ मेगाओमच्या भोकाला जोडली, तर ही मर्यादा ८०० वरून ८ वर येते. माणसाचा कान २० च्या खालचं ऐकतच नाही. म्हणजे काहीच हरवलं नाही.

प्रीअ‍ॅम्प म्हणजे हेच १ मेगाओमचं किंवा त्याहून मोठं भोक असलेली डबी. ती चकतीकडून जवळजवळ काही मागत नाही, फक्त तिचं ऐकते, आणि स्वतःच्या बॅटरीच्या जोरावर तेच पुढे ठणकावून सांगते. अ‍ॅम्प्लिफायरच्या आतही प्रीअ‍ॅम्प असतोच, पण तो माइकला धरून केलेला. सूनबाईच्या मापाचा ब्लाउज सासूबाईंना, तशातली गत.

(रेडिओवर इथे आम्ही एकतारी आधी थेट आणि मग डबीतून ऐकवली होती. छापील पानावर ते जमणार नाही. थेट जोडलेली ऐकून स्टुडिओत हसू आलं आणि डबीतून ऐकल्यावर सगळ्या गप्प झाल्या, एवढं लिहून ठेवतो.)

दुकानात गेलात तर ‘एकतारीचा प्रीअ‍ॅम्प’ कोणी देणार नाही. ‘अकूस्टिक गिटारचा प्रीअ‍ॅम्प’ मागा. एकतारी, तुणतुणं, वीणा, तंबोरा, व्हायोलिन, ज्याला ज्याला चकती लावता येते त्या सगळ्यांना तो चालतो. पाठीमागे किंवा कागदावर ‘इनपुट इम्पिडन्स’ लिहिलेलं असतं, तिथे १ मेगाओम किंवा जास्त आकडा बघा. आकडा सापडत नसेल आणि विकणाऱ्यालाही सांगता येत नसेल, तर घेऊ नका. आवाज घुमवणारी, गुहेत बसल्यासारखं करणारी बटणं असलेले महागडे डबे दाखवतील. भजनाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. ‘पॅसिव्ह डीआय बॉक्स’ नावाची बिनबॅटरीची डबी कोणी गळ्यात मारत असेल तर तीही नको. ती लांब वायरीसाठी चांगली, पण आवाज वाढवत नाही, उलट उतरवते. घ्यायचीच बटणं म्हणजे आवाज, जाड-बारीक सूर वेगवेगळे करायची दोन-तीन, आणि एक ‘फेज’ नावाचं, त्याबद्दल पुढे सांगतो. कमरेला अडकवायची क्लिप असेल तर उत्तम, साडीवर ती परकराच्या नाडीला छान बसते. बॅटरी चौकोनी ९ व्होल्टची असावी, ती तालुक्याला कुठेही मिळते. काही डब्या ४८ व्होल्टची वीज वायरीतूनच घेतात, पण ती पुरवणारा मिक्सर लागतो. गावातल्या बऱ्याच सेटवर ती सोय नसते, तेव्हा नुसती त्यावर चालणारी डबी घेऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं, दुकानात जाताना आपलं वाद्य आणि चकती बरोबर न्या. आम्ही नेली. मुलगा गिटार वाजवून दाखवत होता, आम्ही म्हटलं, ते राहू दे, ही लाव. तीन डब्या लावून बघितल्या आणि मधली घेतली. चकती-वायरीसह २,६०० रुपये पडले.

आता वापर. खरं तर निम्मा आवाज चकती कुठे चिकटवता त्यावर असतो. कातड्याच्या मधोमध लावली तर तिच्या वजनाने कातडंच दबतं आणि बोटाचा धक्का फार येतो. घोडीपासून थोडं दूर, कातड्याच्या कडेला, किंवा भोपळ्याच्या काठावर लावून बघा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी वापरा, लगेच घट्ट होणारा डिंक नको, कारण चार जागा बदलल्याशिवाय खरी जागा सापडत नाही. आम्हाला सहाव्या वेळी सापडली. चकतीपासून डबीपर्यंतची वायर हातभर-दीड हातच ठेवा, कारण सूर तिथेच सगळ्यात अशक्त असतो. डबीच्या पुढे मग वायर लांब चालते.

अ‍ॅम्प्लिफायरचा मुख्य आवाज शून्यावर आणल्याशिवाय कुठलीच पिन घालू-काढू नका. ठप् असा जो धमाका होतो त्याने स्पीकर जातो. डबीची वायर ‘लाइन’ किंवा ‘ऑक्स’ लिहिलेल्या भोकात घाला. माइकचंच भोक मोकळं असेल तर डबीचा आवाज अगदी कमी ठेवा, नाहीतर सूर फाटतो. मग आजींना, म्हणजे तुमच्या वादकाला, गजरात वाजवतात तितक्या जोराने वाजवायला सांगा. हळू वाजवून लावलेला आवाज गजराला दगा देतो. डबीवरचा लाल दिवा चमकेपर्यंत वाढवा आणि तिथून थोडा मागे या. आता मुख्य आवाज हळूहळू वर.

शिट्टी का येते? स्पीकरमधला आवाज हवेतून परत येऊन कातड्याला ढकलतो. झोक्याला योग्य वेळी धक्का मिळाला की तो चढतच जातो, तसं. ‘फेज’चं बटण हा धक्का उलट्या वेळी पाडतं, मग झोका थांबतो. घुमणाऱ्या, हुंकारल्यासारख्या शिट्टीवर ते बऱ्याचदा लागू पडतं. फुकटचं बटण आहे, दोन्ही बाजूंना करून बघा. त्याने भागलं नाही तर जाड सुराचं बटण जरा उतरवा. तरीही स्पीकर मंडळाच्या पाठीमागे ठेवला असेल तर कुठलीच डबी वाचवणार नाही. स्पीकर आपल्या पुढे, तोंड लोकांकडे.

एक धोक्याची गोष्ट. गुणगुण, घुंई असा आवाज आला की काही सेटवाले प्लगची मोठी पिन, म्हणजे अर्थिंग, काढून टाकतात. गुणगुण थांबते, पण अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर त्याच्या पत्र्यात आलेली वीज वायरीवाटे वाद्यापर्यंत आणि वाद्यातून हातात येऊ शकते. मांडवात ओल असते, आपण अनवाणी उभ्या असतो. तिथे संकोच करू नका, “दादा, अर्थिंग लावल्याशिवाय आम्ही उभ्या राहणार नाही,” असं सरळ सांगा. गुणगुण घालवायला सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या आणि लायटिंगच्या माळांच्या वायरीपासून आपली वायर लांब ठेवा.

पेटीला मात्र चकती लावायच्या फंदात पडू नका. तिचा सूर हवेतून येतो, लाकडाला चिकटवलं की भात्याची आणि पट्ट्यांची खटखट जास्त ऐकू येते. पेटीला आणि ढोलकीला माइकच बरा.

एवढं करूनही आमचा पहिला कार्यक्रम फसता फसता वाचला. ऐन हरिपाठात एकतारी फाटल्यासारखी वाजून मरायला लागली. आम्हाला वाटलं डबी गेली. गेली होती बॅटरी. बऱ्याच डब्यांमध्ये वाद्याची पिन आत असली की डबी चालूच राहते, वेगळं बटण नसतं. आदल्या रात्री सराव झाल्यावर पिन तशीच राहिली होती. आता पिन काढणं आणि पिशवीत एक नवी बॅटरी ठेवणं हे काम एकीच्या नावावर वहीत लिहिलंय. पावसाळ्यात दोन महिने कार्यक्रम नसतील तर बॅटरी बाहेर काढून ठेवतो, ती पाझरली तर आतले तांब्याचे पत्रे खाते.

आजी टाळ घेणार होत्या ते राहिलं. डबी त्यांच्या कमरेला असते आणि आवाजाचं बटण त्या स्वतःच फिरवतात, सेटवाल्याकडे बघतसुद्धा नाहीत. गजर सुरू झाला की जरा जास्तच फिरवतात, त्यावरून पेटीवालीचं आणि त्यांचं रोज एकदा वाजतं.

तुमच्या मंडळाला घेण्याआधी बघायची असेल, तर बाजारच्या दिवशी दुपारी आम्ही गटाच्या खोलीत असतो. येताना वाद्य आणा, आणि जमलं तर तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलवर काढून आणा, म्हणजे कुठलं भोक वापरायचं ते तिथेच सांगता येईल.