पिकअप निघाली वाळवंटाला

आठवडी बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवून रिकामी परत निघालेली पिकअप तुम्ही नक्की पाहिली असेल. मालाने भरलेली असताना ही गाडी कशी गुमान जाते! आणि रिकामी झाली की गतिरोधकावर टणाटणा उड्या मारते. असं का बरं होत असेल?

उत्तर मागच्या चाकांजवळ आहे. गाडी उभी असेल तेव्हा ड्रायव्हरकाकांना विचारा आणि खाली वाकून बघा. पोलादाच्या लांब, जराशा वाकलेल्या पट्ट्या एकावर एक रचून घट्ट आवळलेल्या दिसतील. गॅरेजमध्ये त्यांना पाटे म्हणतात. टनभर माल पेलायचा असल्यामुळे हे पाटे मुद्दाम कडक केलेले असतात. वजन पडलं की ते वाकतात आणि खड्ड्याचा धक्का जिरवतात. हौदा रिकामा असला की मात्र ते वाकायचं नावच घेत नाहीत, मग सगळा धक्का वर पोचतो.

आता अशी पिकअप घेऊन कुणी वाळवंटात शर्यतीला निघालं तर? ताशी शंभराच्या वर वेग, समोर वाळूचे डोंगर, मध्येच दगडगोटे आणि रस्ता नावाची गोष्टच नाही!

पण लोक निघतात. १९७७ मध्ये थिएरी साबिन नावाचा एक फ्रेंच गडी मोटरसायकलच्या शर्यतीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला. सुटका होऊन घरी आल्यावर माणूस पुन्हा वाळवंटाचं नाव काढणार नाही असं आपल्याला वाटेल. याने मात्र स्वतःचीच शर्यत काढली. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून गाड्या सुटल्या आणि आफ्रिकेतलं सहारा वाळवंट ओलांडून सेनेगल देशातल्या डाकार शहरात पोचल्या. तीच ही डाकार रॅली. पुढे २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत भरू लागली आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरते. नाव मात्र डाकारच राहिलं.

२०१९ मध्ये ही रॅली सगळीच्या सगळी पेरू देशात झाली. कतारचा नासर अल-अत्तिया आणि वाट दाखवायला शेजारी बसलेला त्याचा फ्रेंच जोडीदार मातियू बोमेल यांनी ती जिंकली, तीही टोयोटाच्या हायलक्स पिकअपने! २०२२ आणि २०२३ मध्ये याच जोडीने हायलक्समधूनच पुन्हा बाजी मारली.

शोरूममध्ये मिळते तीच ही गाडी का? चेहरा तोच, पोटात सगळं वेगळं. साध्या हायलक्सला शिडीच्या आकाराची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, असते आणि मागे आपले ओळखीचे पाटे. रॅलीच्या गाडीत पोलादी नळ्या जोडून पिंजराच उभा केलेला असतो, म्हणजे गाडी उलटली तरी आतली माणसं सुखरूप राहतात. इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवतात, म्हणजे सगळा भार नाकावर येत नाही. पाटे जातात, प्रत्येक चाक आपापलं वरखाली होऊ लागतं. किती वरखाली? २०२२ मध्ये नियम बदलले तेव्हा या गाड्यांना ३५० मिलिमीटरची मुभा मिळाली. तुमच्या दप्तरातल्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षाही पाच सेंटिमीटर जास्त! टायरही ३७ इंची आले, म्हणजे जवळजवळ ९४ सेंटिमीटर उंच.

याहून मोठी गंमत टायरच्या हवेत आहे.

गाडी वाळूत रुतली की पुष्कळांना वाटतं, इंजिन आणखी दांडगं हवं होतं. पण दांडग्या इंजिनाने जोर लावला की चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःच्याच पायाखाली खड्डा खणतं. वाळवंटात मुरलेला ड्रायव्हर उलटं करतो. तो खाली उतरून टायरमधली हवा सोडतो!

हिशेब करून बघू. पेट्रोल पंपावर हवा भरणारे दादा ‘किती?’ विचारतात, आपण ‘तीस’ म्हणतो. तीस पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलोचा दाब. गाडी दोन हजार किलोची धरली, तर एका चाकावर पाचशे किलो आले. ५०० ला २.१ ने भागा. उत्तर येतं सुमारे २४० चौरस सेंटिमीटर. एवढाच तुकडा टायरचा जमिनीला टेकलेला असतो. आता हवा १५ वर आणा. दाब निम्मा, म्हणून टेकलेला तुकडा दुप्पट, सुमारे ४८० चौरस सेंटिमीटर. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे आकडे तंतोतंत येत नाहीत, पण युक्ती हीच. तेवढंच वजन दुप्पट जागेवर पसरलं, वाळूवरचा दाब कमी झाला आणि गाडी वरच्या वर तरंगत गेली.

घरी करून बघायचं असेल तर सायकलच्या मागच्या टायरला ओला खडू फासा, चाक कोऱ्या कागदावर टेकवा आणि ताईला किंवा दादाला सीटवर बसवा. उठलेला ठसा मोजा. मग थोडी हवा सोडून पुन्हा ठसा घ्या.

मात्र वाळू संपून दगड सुरू झाले की हवा पुन्हा भरावी लागते. मऊ टायरची भिंत दगडाने चटकन कापली जाते, आणि कमी हवेवर वेगाने पळवला तर टायर तापून फाटतो.

आता शॉक ॲब्सॉर्बर. गॅरेजमधले मिस्त्री त्याला शॉकअप म्हणतात. मला विचाराल तर गाडीतला सगळ्यात गुणी भाग हाच! नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ वरखाली डोलत राहिली असती. शॉकअप हे डोलणं थांबवतो. त्याच्या नळीत तेल असतं आणि तेलात बारीक भोकं असलेला दट्ट्या. चाक उसळलं की दट्ट्या सरकतो आणि तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. सुई नसलेली नवी सिरिंज घ्या, तिच्यात खोबरेल भरा आणि दट्ट्या दाबा. हळू दाबला तर सहज जातो. जोरात दाबू गेलात तर तो अडतो, बोट दुखायला लागतं. शॉकअपही असाच अडवतो.

पण खड्ड्याची ती ऊर्जा जाते कुठे? ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. वाळवंटात दिवसभर आपटत आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावला तर चटका बसेल. तेल तापून पातळ होतं, त्यात फेस धरला तर दट्ट्याला अडवायला कुणी उरतच नाही. म्हणून रॅलीच्या शॉकअपला शेजारी एक जादा डबी जोडतात. तिच्यात थोडं तेल आणि दाबून भरलेला नायट्रोजन असतो. दाबाखालच्या तेलाला फेस धरत नाही, आणि तेल जास्त असल्यामुळे तापायलाही वेळ लागतो. काही गाड्यांना तर एकेका चाकाला दोन-दोन शॉकअप असतात.

एवढं करूनही मोडतोड व्हायची ती होतेच. संध्याकाळी गाड्या मुक्कामाच्या तळावर येतात आणि मेकॅनिक मंडळी कामाला लागतात. ड्रायव्हर झोपतो, मेकॅनिक जागतात. उजाडायच्या आत गाडी पुन्हा उभी! पण रॅलीत एक मॅरेथॉन टप्पा असतो. त्या मुक्कामी मेकॅनिकला मज्जाव असतो. जे काही दुरुस्त करायचं ते गाडीतल्या दोघांनीच. म्हणून कसलेला ड्रायव्हर पाना-पक्कडही सफाईने चालवतो. स्टेपन्या जवळच असतात, गाडी उचलायचा हायड्रॉलिक जॅक गाडीतच बसवलेला असतो, आणि चाक बदलणं दोन-तीन मिनिटांचं काम.

आडरानात माणसाचं डोकं कसं चालतं बघा! चाकाचा दांडा निखळला तर सामान बांधायच्या पट्ट्याने तो आवळून गाडी तळापर्यंत आणतात. लोखंड तुटलं आणि वेल्डिंगवाला शेकडो किलोमीटर दूर असला, तर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करतात आणि त्यावर वेल्डिंगची कांडी पेटवतात. (हे जाणत्या माणसांचंच काम आहे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो ठिणगीने पेटतो. तुम्ही अजिबात हात लावायचा नाही.) डिझेलची टाकी चिरली तर? आपले ट्रकवाले करतात तोच उपाय: भेगेवर अंगाचा साबण घासून भरायचा. साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये विरघळत नाही. म्हणून गळती पुढच्या गावापर्यंत थोपते.

या वाळवंटात आपला माणूसही जाऊन आला आहे. डाकार रॅलीसोबतच सौदी अरेबियात जुन्या गाड्यांसाठी डाकार क्लासिक नावाची वेगळी स्पर्धा होते. २०२५ मध्ये पुण्याचे संजय टकले टोयोटा लँड क्रूझर घेऊन तिच्यात उतरले होते.

तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीचे शॉकअप कसे आहेत, ते आता तुम्हालाच तपासता येईल. गाडी सपाट जागी उभी असू द्या, हँडब्रेक ओढलेला असू द्या. मोठ्या माणसाला सांगा, एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी खाली दाबायची आणि सोडायची. गाडी वर येऊन लगेच स्थिर झाली तर शॉकअप ठणठणीत आहेत. तीन-चारदा डोलली तर म्हणा, ‘काका, शॉकअप गेलेत. गाडी मिस्त्रीला दाखवा.’