कॅरिबियनमध्ये पहिली बुडी कुठे मारायची?

'फेमस' रीफच्या मागे धावण्याआधी स्वतःच्या लॉगबुककडे एकदा बघा...

लॉगबुकमध्ये डाइव्ह्ज फक्त पाच. त्यातली पाचवी अर्धवट. आणि आमचे 'अहो' लॅपटॉपवर बेलीझच्या ब्लू होलचे फोटो दाखवत विचारतायत, "डिसेंबरात इथे जाऊ या?"

"अरे, मास्कमध्ये थेंबभर पाणी आलं तरी मी घाबरते!"

"होईल गं सवय!"

स्कूबाचा किडा चावला तो मालवणात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ इन्स्ट्रक्टरने मागून धरून ठेवलेलं. आपण फक्त मासे बघायचे आणि फोटोसाठी अंगठा-तर्जनीची गोल खूण करायची. सोप्पं! पुढे नोकरीने न्यू जर्सीला आणलं आणि आम्ही दोघांनी रीतसर कोर्स केला. आधी स्विमिंग पूल, मग पेन्सिल्व्हेनियातली पाण्याने भरलेली दगडाची जुनी खाण. हिरवट पाणी, हाडं गोठवणारी थंडी, अंगात सात मिलिमीटरचा जाडजूड सूट. पण ओपन वॉटरचं कार्ड मिळालं!

आठवड्याने त्याच खाणीत मजा म्हणून गेलो. नऊ मीटरवर कुणाचा तरी फिन माझ्या मास्कला लागला. नाकात पाणी गेलं आणि मी श्वास रोखून सुसाट वर निघाले. स्कूबामध्ये याहून मोठी चूक नाही. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, फुप्फुसात कोंडलेली हवा फुगते आणि जिवावर बेतू शकतं. नवऱ्याने जॅकेट पकडून मला थांबवलं म्हणून निभावलं. त्या रात्री कार्ड ड्रॉवरमध्ये गेलं, ते महिनोन्महिने बाहेर आलंच नाही.

म्हणून कॅरिबियनचा विषय निघाला तेव्हा मी एकच अट घातली. जागा मी निवडणार.

नकाशा उघडला आणि...

ब्लू होल पहिल्याच फेरीत बाद! तीनशे मीटरहून रुंद, सव्वाशे मीटरच्या आसपास खोल. लोक तिथे बघायला जातात ते चुनखडीचे लोंबते खांब साधारण ४० मीटरवर. माझ्या कार्डाची मर्यादा १८ मीटर. विषय संपला.

मग मेक्सिकोचं कोझुमेल. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, हा मोठा प्लस पॉइंट. पालांकार रीफचं नाव तर डाइव्ह करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी. पण इथलं डायव्हिंग 'ड्रिफ्ट'. म्हणजे प्रवाह तुम्हाला एअरपोर्टवरच्या सरकत्या पट्ट्यासारखा पुढे नेतो आणि बोट वरून मागे येते. सोबत गाइड असतो, आणि कितीतरी नवखे लोक तिथे मजेत पहिली डाइव्ह करतात. माझी अडचण वेगळी होती. मला मध्येच "थांबू या" म्हणायची मुभा हवी होती. प्रवाहात थांबणं सोपं नसतं, आणि आपल्यामुळे बोटीवरच्या बाकीच्यांची डाइव्ह बिघडेल या धास्तीने आपण हो-हो करत राहतो.

ग्रँड केमनच्या स्टिंगरे सिटीत पाणी जेमतेम तीन-चार मीटर. मोह झाला, पण आमच्या बजेटने मान हलवली. होंडुरासचं रोआतान आणि शेजारचं उतिला त्या मानाने स्वस्त, आणि समोर जगातला दुसऱ्या क्रमांकाचा बॅरिअर रीफ. कोर्स बाकी असता तर खाणीत न गारठता सरळ उतिला गाठलं असतं!

उरलं बोनेअर. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेलं नेदरलँड्सचं चिमुकलं बेट. भोवतालचा समुद्र १९७९ पासून मरीन पार्क म्हणून राखलेला. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे पश्चिम किनारा बहुतेक वेळा शांत. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड, त्यांवर डाइव्ह साइटचं नाव. पिकअपमध्ये टाक्या टाकायच्या, वाटेल तिथे थांबायचं, चालत पाण्यात शिरायचं. आणि नको वाटलं तर चालत परत यायचं! या शेवटच्या वाक्यावर मी बुकिंग केलं.

पंधरा मिनिटं आणि चहा

तिथे पहिल्या दिवशी पार्कचे नियम समजावून देतात आणि एक चेक-डाइव्ह करावीच लागते. मी पहिल्या दोन दिवसांसाठी गाइडही घेतला. खर्च वाढला, पण त्याला खाणीतला किस्सा न लाजता सांगितला. त्याने मला कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसवलं. मास्क काढ, घाल, नाकातून हवा सोड, पाणी बाहेर काढ. वीस मिनिटं एवढंच.

मग पहिली डाइव्ह. खोली सहा मीटर. पंधराव्या मिनिटाला छातीत धडधड सुरू झाली आणि मी अंगठा वर केला. सावकाश वर आलो, चालत बाहेर. थर्मासमधला चहा, डब्यातले ठेपले. कुणाची बोट खोळंबली नव्हती, कुणी घड्याळ बघत नव्हतं. संध्याकाळी म्हटलं, "परत जाऊ या?" त्या वेळी पस्तीस मिनिटं राहिले.

चौथ्या दिवशी 'थाउजंड स्टेप्स'. पायऱ्या शंभरसुद्धा नाहीत, पण पाठीवर टाकी घेऊन चढताना हजार वाटतात! तिथे अकरा मीटरवर माझ्या मास्कच्या कडेत केस अडकले आणि पाणी आत आलं. क्षणभर खाणच आठवली. नवऱ्याचा हात धरला, वर बघितलं, नाकातून हवा सोडली. पाणी गेलं. समोर एक कासव निवांत चरत होतं. अहो पाण्याखाली टाळ्या वाजवत होते, आवाज न होणाऱ्या!

सगळंच गोड नाही हं

किनाऱ्यावर वाळू कमी, प्रवाळाचे तुकडे जास्त. मी दोनदा सपशेल आपटले, तेव्हा जाड तळाचे बूट हवेतच. रीफचा उतार हळूच खाली नेतो, १८ मीटर कधी ओलांडले ते कळत नाही. १९८४ मध्ये बुडालेलं 'हिल्मा हूकर' जहाज तर तीस मीटरपर्यंत खोल आडवं पडलंय. तिथे नवरा गाइडबरोबर गेला, मी किनाऱ्यावर पुस्तक वाचलं. पिकअपमध्ये सामान ठेवायचं नाही, चोऱ्या होतात. नाइटलाइफ म्हणाल तर नाहीच.

आणि रीफ आजारी आहे. २०१४ मध्ये फ्लोरिडात आढळलेला, दगडी प्रवाळाचा जीव घेणारा रोग २०२३ मध्ये बोनेअरलाही पोचला. म्हणून सूट-मास्क निर्जंतुक करून घ्यायचे, हातमोजे घालायचे नाहीत, कशालाही हात लावायचा नाही.

शेवटचा दिवस कोरडा. मिठागरं आणि फ्लेमिंगो बघत घालवला. लॉगबुकमध्ये आता चौदा डाइव्ह्ज आहेत आणि कार्ड ड्रॉवरमधून पर्समध्ये आलंय. परवा अहोंनी ब्लू होलचा फोटो परत दाखवला. म्हटलं, "आधी कोझुमेल. मग बघू!"

बुकिंगच्या आधी

• फोटोवर भुलू नका, साइटची खोली आणि प्रवाह विचारा. ओपन वॉटर म्हणजे १८ मीटर.

• वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर. बोनेअर त्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे, तरी मोठ्या लाटा तिथेही पोचतात.

• बरेच दिवस पाण्यात उतरला नसाल तर आधी रिफ्रेशर करा, पहिल्या डाइव्ह्जना गाइड घ्या.

• लागोपाठ डाइव्ह्ज केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबा.

• व्हिसा, प्रवेश कर, पार्कची फी आणि डाइव्ह इन्शुरन्स बजेटमध्ये धरा.

• मध्येच "नको" म्हणता येईल अशीच जागा निवडा. रीफ कुठे पळून जात नाही!